अडतीसातली पाच काडतुसं

टॅमरॅक रिव्हर, मिशिगन
४ ऑक्टोबर १९८७

प्रिय हेल्मी,

तू आर्वो कोसोलाची एकुलती एक लेक, मी त्याचा एकतीस वर्षांचा दोस्त. बहीण सोडली तर त्याच्यावर हक्क सांगावा अशी आता आपण दोघंच उरलोय, आणि आपली तक्रारही एकच आहे: तो बोलत नाही. तू डुलुथहून फोन करतेस, तो वाजू देतो. मी दारात जातो, तर म्हणतो, "सौना तापलीय, बसायचं तर बस." मग तासभर त्या वाफेच्या खोलीत दोघं घाम पुसत भिंतीकडे बघत बसतो. फिनिश माणसाच्या मुकेपणावर मी युनियनच्या सभांमध्ये किती हशा पिकवलाय, आणि पुढच्या रांगेत सगळ्यात मोठ्याने तोच हसायचा. आताचा मुकेपणा त्यातला नाही.

आज लिहायचं कारण असं. आपल्या रायफल क्लबाचा लिलाव १४ नोव्हेंबरला आहे, हरणांचा हंगाम उघडायच्या आदल्या दिवशी, नेहमीसारखा. यंदाच्या यादीत आर्वोच्या हस्ताक्षरातलं एक पान आलंय. शिसं वितळवायचं भांडं, काडतुसातली दारू मापायचं यंत्र, भिंग, गोळ्या ओतायचे अकरा साचे. त्यातले दोन साचे तुझ्या आजोबांनी खाणीच्या वर्कशॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत हाताने कोरलेले. हे सगळं काढून टाकून तो हॅनकॉकला बहिणीकडे मागच्या खोलीत राहायला जाणार म्हणे. मी विचारलं, तिथे दिवसभर करशील काय? म्हणाला, "खिडकी आहे."

माणूस गेल्यावर घरचे त्याच्या वस्तू वाटून टाकतात. आर्वो स्वतःच्याच वाटतोय.

तू ये. येणं जमत नसेल तर निदान त्याला पत्र लिही. लिही की तुझ्या डाव्या हाताची दोन बोटं गेली त्याबद्दल तू त्याला दोष देत नाहीस, आणि आजोबांचे साचे विकू नकोस. माझं तो ऐकत नाही. संपाच्या वेळी नऊशे माणसं मी तीन आठवडे खाणीच्या फाटकावर बोलून थोपवून धरली होती, तीही फेब्रुवारीत. चर्चमध्ये पास्टर आजारी पडला की लोक मनातून खूश होतात, कारण त्या दिवशी मी उभा राहणार असतो. वाचनालयातली निम्मी कपाटं मी वाचून काढली आहेत. आणि या एका माणसाला मी एक साचा ठेवून घ्यायला पटवू शकत नाही.

तू म्हणशील, त्या सभेनंतर तो तुमचं का ऐकेल? खरं आहे. पण मला त्याने आजवर एका शब्दाने बोल लावलेला नाही. उलट गेल्या हिवाळ्यात माझी कंबर धरली होती तेव्हा माझ्या दारातला बर्फ कुणीतरी पहाटे उपसून जायचं. खिडकीतून पाहिलं, तर तोच.

ते मला सोसत नाही. बाकी भेटीत.

तुझा,
हार्लन काका

*

१८ ऑक्टोबर १९८७

प्रिय हेल्मी,

तुझं पत्र आलं. तू लिहितेस, "काका, चार पानं वाचली. आई म्हणायची, हार्लन दार दाखवायच्या आधी घरातल्या सगळ्या खिडक्या मोजतो. दार कुठे आहे? स्पर्धेच्या दिवशी बाबांनी भरून दिलेल्यातल्या मी अकरा गोळ्या झाडल्या, बारावीला रायफल हातात फुटली. पेटीत अडतीस काडतुसं उरली होती आणि ती तुम्ही उघडून पाहिलीत. त्यात काय सापडलं, ते मला कुणीच सांगितलं नाही. बाबांना विचारलं तर म्हणाले, हार्लनला विचार. विचारतेय."

सरळ प्रश्न आहे, सरळ उत्तर देतो.

क्लबाचा नियम तुला ठाऊक आहे. बंदूक फुटली की त्या माणसाची उरलेली काडतुसं तिसऱ्याच माणसाने उघडायची. मी अध्यक्ष होतो, म्हणून पेटी माझ्याकडे आली. गोळ्या उपटल्या, प्रत्येक पितळी पुंगळीतली दारू तराजूवर घातली, वजनं वहीत लिहिली. प्रत्येक वजन बरोबर होतं. सभेत मी तेच अडतीस आकडे वाचले. त्यातला एकही खोटा नव्हता.

तू तेव्हा मार्केट शहराच्या इस्पितळात होतीस, म्हणून सभेत काय झालं तेही सांगतो. हॉलमध्ये साठेक माणसं होती, त्यातली निम्मी दुकानातून काडतुसं आणणारी. त्यांना कळावं म्हणून मी आधी समजावून सांगितलं. रायफलच्या काडतुसाची पुंगळी पोटाला रुंद आणि गळ्याशी बाटलीसारखी निमुळती असते. ती भरपूर दारू मावावी म्हणून घडवलेली. पण घरी ओतलेली शिशाची गोळी मऊ, तिला एवढा जोर सोसत नाही. म्हणून आपण तळाशी थोडीशीच दारू घालतो आणि बाकीचं पोट रिकामं ठेवतो. धोका त्या रिकाम्या पोटातच आहे. चुकून दुसऱ्यांदा दारू पडली तरी ती आत आरामात मावते, वरून कुणाला कळत नाही, आणि खटका ओढणाऱ्याच्या हातात बॉम्ब असतो.

मग मी आर्वोकडे वळलो. विचारलं, स्पर्धेआधीच्या गुरुवारी दारू भरताना मध्ये उठला होतास? म्हणाला, हो, फोन आला होता. किती पुंगळ्या झाल्या होत्या? आठवत नाही म्हणाला. मी म्हणालो, ठोकळ्याच्या पन्नास भोकांत सगळ्या पुंगळ्या उलट्या ठेवायच्या, दारू घालायची तेवढीच सुलटी करायची, म्हणजे कुणी मध्ये बोलावलं तरी चूक होत नाही, हे आम्हाला तूच शिकवलंस. त्या दिवशी तसं केलंस? म्हणाला, नेहमीच करतो.

"नेहमीचं नको," मी म्हणालो. "त्या दिवशीचं सांग. शपथ घेशील?"

टोपी त्याच्या हातात होती. त्याने ती एकदा उलटी केली, एकदा सुलटी केली.

"बॅटरी लावून प्रत्येकीत बघितलं होतं," तो म्हणाला. "पण शपथ म्हणशील तर... नाही."

तेव्हा मी सभेकडे तोंड करून जे वाक्य म्हणालो, ते आज नेमबाजीच्या शेडमध्ये पाटीवर रंगवून लावलंय: ज्याला शपथ घेता येत नाही, त्याने काडतूस भरू नये. लोक उभे राहिले. आर्वोने त्याच सभेत क्लबाच्या सुरक्षा अधिकाऱ्याचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला आणि तो मागच्या दाराने निघून गेला.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे.

आता विषय निघालाच आहे तर एक सांगून ठेवतो. त्या वर्षी मे महिन्याच्या २८ तारखेला, आर्वो मासे धरायला गेला होता तेव्हा, मी त्याच्या गॅरेजमध्ये बसून माझ्या पिस्तुलाची काडतुसं भरली होती. माझं यंत्र मोडलं होतं. त्याचा या सगळ्याशी काही संबंध नाही. कुणाकडून ऐकून तुला वेगळं वाटू नये म्हणून लिहिलं.

तुझा,
हार्लन काका

*

२७ ऑक्टोबर १९८७

हेल्मी,

तुझं पत्र शनिवारी आलं. त्यानंतर मी ते किती वेळा वाचलं ते विचारू नकोस. तू लिहिलं आहेस:

"काका, ज्या गोष्टीचा संबंध नसतो ती माणूस पत्राच्या शेवटी लिहीत नाही. पण ते राहू द्या. आता माझं ऐका, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. त्या गुरुवारचा फोन माझा होता. मी स्पर्धेला येतेय हे सांगायला केला होता, आणि मग आमच्या लाकडाच्या गिरणीतल्या फोरमनची गोष्ट सांगत बसले. त्याने जेवणाची मांस-बटाट्याची पास्टी गरम राहावी म्हणून मोटरवर ठेवली होती, ती गिरणीतल्या कुत्र्याने पळवली आणि तो करवतींच्या मधून तिच्या मागे धावला. बाबा इतके हसले की त्यांना खोकला लागला. मग म्हणाले, थांब गं, मी कुठवर आलो होतो तेच विसरलो. काका, हे वाक्य सव्वादोन वर्षं माझ्या कानात आहे. मी त्यांना फोन करते तो माफी मागायला. ते उचलत नाहीत, म्हणजे तेही मलाच दोष देत असणार."

पोरी, तुझ्या फोनमुळे काहीही झालं नाही. तुझ्या बापाच्या हातूनही काही झालं नाही. माझ्या हातून झालं, आणि हे मला त्या दिवसापासून ठाऊक आहे.

आता क्रमाने लिहितो. सजवून लिहायला लागलो तर मीच मला थांबवीन.

आर्वोच्या गॅरेजमध्ये दोन नियम होते. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. आणि टेबलाशी बसून बोलायचं नाही. दुसरा नियम खास माझ्यासाठी होता. आदल्या हिवाळ्यात मी गोळ्या ओतताना काहीतरी रंगवून सांगत होतो, तेव्हा त्याने मला बाहेर काढलं होतं. "हार्लन, शिसं काही तुझ्या युनियनमध्ये नाही," म्हणाला. "बाहेर जा आणि झाडाला सांग." तू पण होतीस तेव्हा. तू हसलीस. मीही हसलो, पण ते मला लागलं होतं.

२८ मेला मी त्याच्या यंत्रात माझी पिस्तुलाची दारू घातली. ती भडक जळणारी. आर्वोचा रायफलच्या दारूचा डबा टेबलावरच होता. तो उचलून फळीवर ठेवायला हवा होता, मी नुसता बाजूला सरकवला. आणि काम करता करता रविवारचं प्रवचन मोठ्याने म्हणत होतो. विषय आठवतो, पण सांगवत नाही. काम संपलं, यंत्राच्या वरच्या काचेच्या नळीत बरीच दारू उरली होती. शेवटचं वाक्य नीट बसलं नव्हतं म्हणून ते हात वर करून पुन्हा म्हणालो, आणि उरलेली दारू त्याच्या डब्यात ओतली.

घरी येऊन माझा डबा उचलला, तो हलका लागला. त्याच क्षणी मला कळलं. स्वयंपाकघरात डबा हातात धरून उभा राहिलो. फोन सहा पावलांवर होता. "आर्वो, तो डबा वापरू नकोस," एवढंच म्हणायचं होतं. पण तो म्हणाला असता, झाडाला सांगत होतास का? आणि क्लबभर झालं असतं. म्हटलं, उद्या सांगू. मग म्हटलं, रविवारचं प्रवचन होऊ दे. तो स्पर्धेची काडतुसं महिनाभर आधीच भरून ठेवतो, घाई कसली? त्या वर्षी त्याने स्पर्धेआधीच्या गुरुवारपर्यंत हात लावला नव्हता हे मला माहीत नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

अकरा दिवस होते माझ्याकडे. लाज इवलीशी होती, दोन मिनिटांच्या चेष्टेत संपली असती. ती मी सोसली नाही, आणि तू बोटं दिलीस.

अडतीस काडतुसं माझ्याकडे आली तेव्हा मी दार लावून बसलो. पहिलंच उघडलं, दारू कागदावर ओतली, भिंग धरलं. साध्या डोळ्याला दोन्ही दारू काळी भुकटीच. भिंगाखाली त्याच्या दारूचे कण काडीसारखे दिसतात आणि माझ्या दारूचे चपटे, टिकलीसारखे. दोन्ही एकत्र होते. यंत्र आकारमान मापतं, दारूची जात ओळखत नाही. वजन बरोबर, आत विष. कुठल्या पुंगळीत किती गेलं ते देव जाणे. तुझ्या बाराव्या काडतुसात बहुतेक सगळी माझीच गेली.

तेहतीस काडतुसं उघडली. त्यापुढे हात चालेना. पाच तशीच राहिली, त्यांची वजनं मी मनाने लिहिली. गेल्या पत्रात मी म्हटलं की एकही आकडा खोटा नव्हता. पाच होते. आणि जे तेहतीस खरे होते, ते तर सगळ्यात खोटे.

आर्वो तुझ्या उशाशी होता तेव्हा मी त्याचं गॅरेज आवरून देतो म्हणालो. त्याने माझा हात दाबला. मी तो डबा घरी आणला आणि माझ्या शेडमागे गवतावर रिकामा केला, जुनी दारू आपण टाकतो तशी. खतच ते. जुलैत तिथलं गवत एवढं हिरवंगार झालं की शेजारच्या लाहतीबाई विचारायला आल्या, हार्लन, घातलंस तरी काय? त्या उन्हाळ्यात तेवढाच तुकडा मी आठवड्यातून दोनदा कापत होतो.

सभेत मी एवढा का पेटलो ते आता तुला कळलं असेल. कुणीतरी उठून विचारेल, तो दारूचा डबा कुठे आहे, ही भीती होती. म्हणून असा बोललो की विचारायला जागाच राहू नये. शपथेचा प्रश्न मी घरून ठरवून आणला होता. मला माहीत होतं की तो शपथ घेणार नाही. आर्वोसारखा माणूस नव्व्याण्णव टक्के खात्री असली तरी शपथ घेत नाही. त्याचा खरेपणा मला ठाऊक होता, आणि मी त्याचाच दोर करून त्याच्या गळ्यात घातला.

ती पाच काडतुसं माझ्याकडे आहेत, कॉफीच्या डब्यात.

मी आर्वोला सांगणार आहे. पत्राने नाही, समोर बसून.

हार्लन

*

३ नोव्हेंबर १९८७

हेल्मी,

बुधवारी गेलो, सौनात बसलो, परत आलो. गुरुवारी तेच. शनिवारी दुपारी गेलो तेव्हा तो गॅरेजमध्ये होता. साच्यांना तेल लावून एकेक वर्तमानपत्रात गुंडाळत होता. मी म्हणालो, मला बोलायचं आहे. म्हणाला, आता इथे कुणी काम करत नाही, बोल.

मी सांगितलं. जे तुला लिहिलं तेच, त्याच्याहून कमी शब्दांत. तो गुंडाळायचं थांबला नाही. माझं झाल्यावर त्याने हातातला साचा पेटीत ठेवला.

"तू चांगला बोलतोस, हार्लन," म्हणाला.

"आर्वो, हे भाषण नाही."

"तेव्हाही असंच वाटलं होतं. तेव्हा मला पटलं. आज पटत नाही." मग म्हणाला, "पोरीने लिहिलंय ना तुला? म्हाताऱ्याला हलकं वाटू दे म्हणून अंगावर घेतोयस. जा घरी. चांगला माणूस आहेस."

चांगला माणूस आहेस. मी आयुष्यभर शब्दांवर जगलो, आणि खरं बोलायची वेळ आली तेव्हा माझ्या शब्दाला चहाच्या कपाएवढीही किंमत राहिली नव्हती. मग मी कॉफीचा डबा त्याच्यासमोर उपडा केला. पाचही काडतुसं टेबलावर गडगडली. त्यांच्या बुडाशी त्याने स्वतः काढलेली निळी खूण होती, त्या स्पर्धेसाठी केलेली. ती बघून त्याचा हात थांबला.

पेटीत बांधलेलं भिंग त्याने परत काढलं. काडतूस गोळी उपटायच्या हातोड्याच्या खाचेत बसवून तीन वेळा आपटलं, गोळी सुटली. लिलावाच्या यादीचं आपलंच पान त्याने उलटं केलं आणि दारू त्यावर ओतली. वाकून बघत राहिला. मग दुसरं काडतूस. मग तिसरं. पाचही उघडली. प्रत्येक वेळी आधी वजन केलं, मग भिंग धरलं. मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. माझ्या घशात वाक्य तयार होतं. ते मी म्हटलं नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला बोलण्यापेक्षा गप्प राहायला जास्त बळ लागलं.

"वजन बरोबर आहे," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"म्हणजे मी नीट मापलं होतं."

"हो, आर्वो."

तो स्टुलावर बसला. "रोज सकाळी जाग आली की मी त्या पन्नास पुंगळ्या भरतो," म्हणाला. "डोक्यात. एकोणतिसावीला फोन वाजतो. परत येतो तर एकोणतिसावी उलटी आहे का सुलटी, दिसतच नाही. सव्वादोन वर्षं, हार्लन. रोज."

त्याने भिंग पुसून खाली ठेवलं.

"बोटं तिची गेली. हात माझे तू घेतलेस." आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "आणि वर टाळ्या घेतल्यास."

मग मी त्याला तुझं सांगितलं. फोनचं. पास्टीची गोष्ट, कुत्रा, आणि तू सव्वादोन वर्षं ते एक वाक्य कानात घेऊन बसली आहेस हे. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. माझी कबुली त्याने साचे गुंडाळत ऐकली होती. हे ऐकल्यावर तो स्टुलावरून उठला. स्वयंपाकघरात गेला. फोनची तबकडी फिरल्याचा आवाज मला आला. चार आकडे फिरले, मग थांबले, आणि त्याने रिसीव्हर ठेवून दिला.

परत आला तेव्हा डोळे पुसलेले होते. "काय म्हणू तिला?" त्याने विचारलं. "मला सुरुवात येत नाही. ती नेहमी तूच करायचास."

"मी करू?"

"तू नको," तो म्हणाला. हसला नाही, पण एकतीस वर्षांत असं म्हणताना तो ज्या तोंडाने हसायचा, ते तोंड क्षणभर मला दिसलं.

मग त्याने यादीच्या पानाची घडी घातली, मिसळलेली दारू आतच ठेवून, आणि ती घडी माझ्या खिशात खुपसली. "१४ तारखेला लिलावाच्या सभेत हे सगळ्यांना दाखव. भिंग मी देईन. लांब बोलू नकोस." पेटीतला एक साचा काढून त्याचं वर्तमानपत्र सोडलं. तुझ्या आजोबांचा होता. दोन उन्हाळे थंड पडलेल्या भांड्याची वायर त्याने जोडली आणि शिसं वितळायची वाट बघत उभा राहिला.

"रविवारी संध्याकाळी सहा वाजता पन्नास भरणार आहे," म्हणाला. "नवा डबा आणतो. तू यायचं नाहीस."

ठीक आहे म्हणालो. मी आता त्या गॅरेजात जाणार नाही, तो बोलावेपर्यंत, आणि तो बोलावेल असं धरून चाललेलो नाही. शेडमधली पाटी मी काल स्क्रू काढून खाली उतरवली. कारखान्यातून येणाऱ्या दोघांनी विचारलं, हार्लन, पाटी कुठे नेतोस? मी म्हणालो, वाक्य चोरीचं निघालं. १४ तारखेला त्यांनाही कळेल. मला क्लबातून काढलं तर काढोत. प्रवचन करणं मी सोडलंय.

तुझ्याकडे मी माफी मागत नाही. ती मागायची तर मला पुन्हा चांगलं बोलावं लागेल, आणि चांगलं बोलून मिळवलेलं मला आता काही नको. तुझा हात मी परत देऊ शकत नाही. तुझ्या बापाचे हात थोडे परत गेले असतील, पण अजून पुरते नाहीत. उरलेलं काम माझं नाही, आर्वोचंही नाही. ते तुझं आहे आणि ते एकच आहे.

रविवार, ८ नोव्हेंबर. आमच्या घड्याळात सहा वीस, तुझ्या घड्याळात पाच वीस. सहाला बसला तर तेव्हा तो एकोणतिसाव्या पुंगळीच्या आसपास असेल. फोन कर. बारा-पंधरा वेळा वाजू दे, मध्येच ठेवू नकोस. गॅरेजातून यायला त्याला वेळ लागतो, आणि उठायच्या आधी तो हातातली पुंगळी नीट सुलटी करून ठेवेल. तो काही बोलला नाही तर तू सांग, कुत्र्याने पास्टी पळवली ती गोष्ट, पहिल्यापासून.

फोन कर, हेल्मी. त्याला मध्येच उठव.

हार्लन